ऐंशीचे एकशेऐंशी

ऑफिसात तिला सगळे रंगारीण म्हणत. हे नाव तिच्या नवऱ्यानेच ठेवलेलं, लग्नाच्या आधी, दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर बसत तेव्हा. पुढे लग्न झालं, त्याचं टेबल काचेच्या केबिनमध्ये गेलं, तिचं होतं तिथंच राहिलं आणि नावही राहिलं.

कंपनी लहान होती. हॉस्पिटलांच्या औषधविभागांसाठी प्रोग्रॅम लिहायची. काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं, असे प्रोग्रॅम. ना चित्रं, ना माऊस. बाहेरच्या माणसाला वाटे, हे कुठल्या जमान्यातलं काढून बसलेत. पण हातमोजे घालून औषधं मोजणाऱ्या माणसाला तेच सोयीचं पडे. चार कळा दाबल्या की पेशंटचं नाव, औषध, मात्रा समोर हजर.

त्या पडद्यावर कुठलं अक्षर कसं दिसावं, हे रंगारीण ठरवायची. अक्षरांच्या आधी एक न दिसणारा संकेत पाठवायचा असतो आणि त्या संकेतात एक आकडा असतो. एक म्हणजे ठळक. चार म्हणजे खाली रेघ. एकतीस म्हणजे लाल. शब्द संपला की शून्य पाठवायचा, म्हणजे सगळं पूर्ववत. शून्य पाठवायला विसरलं की एका शब्दाचा लाल रंग खालच्या सगळ्या ओळींवर ओघळत जातो. नवीन लागलेली मुलं हे हमखास विसरत. "भाजी उतरवलीत, पण शेगडी कोण बंद करणार?" असं ती त्यांना विचारायची.

तिचा हात मात्र आखडता होता. मुलं पडदाभर निळं, जांभळं, पिवळं उधळत. ती ते निम्मं पुसून टाकायची. "सगळे एकदम ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं?" तिच्या पडद्यावर लाल फक्त एका गोष्टीला: पेशंटला एखादं औषध सोसत नसेल तर ती ओळ. आणि ठळक फक्त एका आकड्याला: जोखमीच्या औषधाची मात्रा. जे औषध थोडं जास्त झालं तरी जिवावर किंवा एखाद्या अवयवावर बेतू शकतं, त्याचा आकडा ठळक. बाकी सगळं साधं. हॉस्पिटलचे लोक म्हणत, तुमच्या पडद्याकडे बघितलं की नजर बरोबर जागेवर जाते. हे ऐकून तिला मनातून फार बरं वाटे, पण तोंडाने ती "हो का" एवढंच म्हणायची.

नवरा तिच्या अगदी उलट. बोलण्यात पटाईत. मालकांपुढे, हॉस्पिटलवाल्यांपुढे प्रोग्रॅम उलगडून दाखवायचा तो यानेच. "बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे आंबे सडतात," असं सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. रंगारीण हसून म्हणायची, "म्हणून तर आई, मी आंबे पिकवते आणि तुमचा मुलगा विकतो." तेव्हा सगळेच हसायचे. तोही.

प्रोग्रॅमच्या तोंडाशीच तिने एक अट घालून ठेवली होती. अक्षरं कुठं चालली आहेत ते आधी बघ. समोर पडदा असेल तरच रंग आणि ठळकपणा दे. प्रिंटर असेल, फाईल असेल, दुसरा एखादा प्रोग्रॅम असेल तर साधी अक्षरं दे. कारण ते संकेत पडद्याला कळतात. बाकीच्यांना कळत नाहीत, ते त्यातल्या आकड्यांना आकडेच समजतात. चार ओळींची अट. ती कुणाला दिसायची नाही आणि तिच्याबद्दल कधी कुणी बोललंही नाही.

त्या वर्षी एका मोठ्या हॉस्पिटल-समूहाचे संचालक प्रोग्रॅम बघायला येणार होते. नेमकी तेव्हाच रंगारीण धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली होती. ती बहिणीच्या खाटेशी बसलेली असताना नवऱ्याचा फोन आला. आवाज दबका.

"अगं, प्रोजेक्टर लावलाय, पण भिंतीवर रंगच येत नाहीयेत."

"काय काय जोडलंयस?"

"मालकांना सगळ्याचं रेकॉर्डिंग हवंय. त्यामुळे आधी रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममधून जातंय आणि मग भिंतीवर."

"मग बरोबर आहे. समोर पडदा नाही, दुसरा प्रोग्रॅम आहे, म्हणून रंग काढून टाकतोय तो. रेकॉर्डिंग काढ, लगेच येतील."

"ते काढता येणार नाही."

"मग रंगाशिवाय दाखव."

"रंगाशिवाय? माणसं लांबून आलीयेत. त्यांना काय कोरी भिंत दाखवू?"

बहिणीने पाणी मागितलं. रंगारीणीने फोन खांद्याने धरून पेला भरला. "हे बघ, काहीही कर, पण ती अट काढू नकोस. लेबलं त्याच वाटेने जातात."

"नाही गं. मी काय वेडा आहे का?"

संध्याकाळी पुन्हा फोन आला तेव्हा त्याचा आवाज नुसता फुलला होता. "गाजवलं आज! एक बाई तर उठून भिंतीजवळ जाऊन बघत होत्या."

"कसं केलंस?"

"केला काहीतरी जुगाड."

"आणि ती अट?"

"जागच्या जागी आहे. तू बाळाकडे बघ आता."

ती बाळाकडे बघायला लागली. नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला वेगळं कारण लागत नाही. तिनेही शोधलं नाही.

संचालकांनी पसंती दिली. सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. त्याच भरात नवी आवृत्ती कंपनीचा प्रोग्रॅम आधीपासून वापरणाऱ्या गावातल्या हॉस्पिटलातही पाठवून दिली गेली, रंगारीण रजेवरून यायच्या आत.

त्या हॉस्पिटलात एक शिंपीणबाई दाखल होत्या. घरीच मशीनवर कपडे शिवायच्या. सुई बोटात घुसल्याचं निमित्त झालं, बोट पिकलं आणि ताप अंगभर पसरला. डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं. औषध जुनं, खात्रीचं. फक्त मात्रा वाढली की थेट कानावर जाणारं. शिंपीणबाई अंगाने अगदी काटकुळ्या, म्हणून डॉक्टरांनी एका वेळी ऐंशी मिलिग्रॅम लिहिलं होतं.

बाटलीवरच्या लेबलवर छापून आलं, एकशेऐंशी.

थोड्या दिवसांनी बाई नर्सला म्हणाल्या, कानात कुणीतरी शिट्टी वाजवतंय. नर्स म्हणाली, तापाने होतं तसं. मग त्या उठून उभ्या राहायला गेल्या तर भिंती झुलायला लागल्या. मग एका सकाळी डॉक्टर समोर उभे राहून काहीतरी विचारत होते आणि बाई त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोला ना." डॉक्टर मोठ्यानेच बोलत होते.

ताप उतरला. बोट बरं झालं. ऐकू येणं गेलं ते गेलंच.

हॉस्पिटलने प्रोग्रॅम बंद केला आणि कंपनीला कळवलं. रंगारीण नुकतीच रजेवरून परतली होती. तिने लेबलाचा फोटो पाहिला, मग पडद्यावरचा आकडा पाहिला. कारण शोधायला तिला चहा निवण्याएवढाही वेळ लागला नाही. ऐंशी हा आकडा जोखमीच्या औषधाचा, म्हणून ठळक. ठळक म्हणजे त्याच्या आधी संकेतातला एक. लेबल छापणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाचा, जुना. मात्रेच्या जागी आकडा सोडून जे काही येईल ते तो झटकून टाकायचा. संकेतातली चिन्हं त्याने झटकली आणि एक तेवढा ठेवला. एक आणि ऐंशी, एकशेऐंशी. शेवटचा शून्य 'मिलिग्रॅम' या शब्दाच्या पलीकडे होता, म्हणून तो आकड्याला चिकटला नाही. साध्या औषधांचे आकडे साधे होते, ते सगळे बरोबर छापले गेले. बिघडले ते नेमके जोखमीचेच, कारण तेच तिने ठळक केले होते.

तिने आपली अट शोधली. चार ओळी नव्हत्या. त्या कुणी काढल्या याची नोंद होती, आणि तिथं तिचं स्वतःचं नाव होतं. ती बहिणीच्या खाटेशी बसली होती तेव्हा तिच्या नावाने कुणीतरी त्या काढल्या होत्या. तिचा पासवर्ड दुसऱ्या एकाच माणसाला माहीत होता.

संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर तिने विषय काढला. सासूबाई वाढत होत्या.

"तू काढलीस ना ती अट?"

नवऱ्याने आधी आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. "त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता. माणसं बाहेर खोळंबली होती. मी परत लावणार होतो, गडबडीत राहून गेलं."

"मी विचारलं तर जागच्या जागी आहे म्हणालास."

"तेव्हा लावणारच होतो ना. तुला उगाच कशाला घोर?"

"माझ्या नावाने काढलीस."

"तुझं मशीन चालू होतं, बसलो. त्यात मुद्दाम काही नव्हतं." तो खुर्ची ओढून जवळ आला आणि त्याचा आवाज मऊ झाला. हा आवाज ती ओळखत होती. याच आवाजात तो हॉस्पिटलवाल्यांना पटवायचा. "नीट ऐक. चौकशी होणार आहे. तू सांग, बहिणीचं बाळंतपण होतं, धावपळ होती, चुकून निघालं. तुला कुणी काही करणार नाही. तू कामाची आहेस हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं नाव आलं तर नवा करार गेला. कंपनी बसेल. दोघंही रस्त्यावर येऊ."

"आणि त्या बाई?"

"त्या बाईंचं जे व्हायचं ते झालंय. तू नाव घेतलंस काय आणि मी घेतलं काय, त्यांना ऐकू येणार आहे का?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिला कधी वाईट वागवत नव्हत्या. तिच्या आजारपणात रात्ररात्र उशाशी बसल्या होत्या. पळी भांड्यात ठेवून त्या म्हणाल्या, "नवराबायकोत कसलं आलंय तुझं न् माझं. एकाने घसरायचं, एकाने सावरायचं."

"आई, सावरायचं मीच का?"

"तू शांत आहेस म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "तो कोलमडेल गं."

कुणीच धड जेवलं नाही.

चौकशीच्या आधी रंगारीण औषधविभागातल्या फार्मासिस्टच्या घरी गेली. हॉस्पिटलात त्याला तराजू म्हणत, कारण तो चहात साखरसुद्धा चमचा सपाट करून घालायचा. चौकशी संपेपर्यंत त्याला घरी बसवलं होतं. दार त्याच्या बायकोने उघडलं. कंपनीचं नाव ऐकल्यावर "या" म्हणायच्या आधी ती क्षणभर थांबली.

तराजू खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली. रंगारीणीने आकड्याचं कोडं उलगडून सांगितलं. एक कुठून आला, ऐंशीला कसा चिकटला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"म्हणजे प्रिंटर नव्हता," तो म्हणाला.

"प्रिंटरचं काय?"

"मी फोन केला होता ना तुमच्याकडे. नवीन आवृत्ती आली आणि एका लेबलवर पाचशेचे पंधराशे आले. पंधराशे म्हटल्यावर आंधळ्यालाही दिसेल. मी ते फाडलं आणि लगेच फोन लावला. म्हटलं, आकडा वाढून येतोय."

"कुणाला लावलात?"

"साहेबांना. तुमच्या यजमानांना. तेच म्हणाले होते ना, काही अडलं तर सरळ मला फोन करा. ते म्हणाले, प्रिंटर जुनाच झालाय तुमचा, डोकं फिरतं त्याचं. बंद करा, पुसा, चालू करा. मी केलं. पुढची चार लेबलं बरोबर आली."

ती चार लेबलं साध्या औषधांची असणार. रंगारीणीला ते कळलं.

"एकशेऐंशी ही मात्रा असते हो," तराजू म्हणाला. "दणकट माणसाला देतात. पंधराशे असतं तर मी पकडलं असतं. एकशेऐंशी बघून हात थांबला नाही माझा. पडद्यावर बघायला हवं होतं मी. रोज बघतो. त्या दिवशी पेशंटची रांग होती."

त्याची बायको आतून म्हणाली, "रांग तर सगळ्यांकडेच असते. निस्तरायला लागतंय ते एकट्याला."

रंगारीण उठली. दाराशी तराजूने विचारलं, "चौकशीत सांगाल ना हे?"

"सांगेन," ती म्हणाली.

घरी येऊन तिने नवऱ्याला एवढंच विचारलं, "तराजूंचा फोन आला होता?" त्याने क्षणभरही न थांबता "कुठला तराजू?" असं विचारलं. इतक्या सहज, की तिला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

चौकशी हॉस्पिटलच्या सभागृहात झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मागे एक बंद घड्याळ. टेबलाच्या एका बाजूला हॉस्पिटलचे तिघं, अध्यक्ष मधोमध. दुसऱ्या बाजूला कंपनीचे मालक, नवरा, रंगारीण. टोकाला तराजू, इस्त्रीचा शर्ट घालून. शिंपीणबाई आणि त्यांचा मुलगा भिंतीलगत बसले होते. मुलगा मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून आईपुढे धरायचा. बोलणं पुढे पळायचं, तो मागे राहायचा. मग चार वाक्यं सोडून पाचवं लिहायचा. बाई प्रत्येक वेळी वाचून मान हलवत होत्या, सगळं कळल्यासारखी.

रंगारीणीला बोलायची सवय नव्हती. पण काम समजावून सांगायची होती. तिने सांगितलं: अट काय होती, कशासाठी होती, ती निघाल्यावर ऐंशीचे एकशेऐंशी कसे होतात. पडदा लावून करूनही दाखवलं. अध्यक्ष पुढे झुकून बघत होते.

"आणि ही अट काढली कुणी?" त्यांनी विचारलं. "नोंदीत तुमचं नाव दिसतंय."

"काढली माझ्या नवऱ्याने. मी तेव्हा गावाला होते. संचालकांना रंग दाखवायचे होते म्हणून काढली आणि परत लावली नाही. आकडा चुकतोय असा औषधविभागाचा फोन आला, तोही त्यांनाच. प्रिंटर पुसा म्हणून सांगितलं त्यांनी."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. मालकांनी छताकडे पाहिलं. नवऱ्याने चष्मा काढला, डोळे चोळले, आणि बोलला तो थकलेल्या माणसासारखा.

"मला हे इथं बोलायचं नव्हतं. गेले काही महिने हिची तब्येत ठीक नाही. झोप नाही, मनात काहीबाही घेते. घरात आमचंही ताणलेलं आहे. चूक कुणाच्याही हातून होते, मी हिला एका शब्दाने बोललेलो नाही. फोन आला होता, हे खरं आहे. पण प्रिंटरवर डाग पडतायत, अशी तक्रार होती. आकड्याबद्दल काहीही नव्हतं."

"खोटं आहे," तराजू उभा राहून म्हणाला. "मी आकडाच म्हणालो. पाचशेचे पंधराशे, असं म्हणालो."

"म्हणजे आकडा चुकतोय हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" अध्यक्षांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं.

तराजू त्यांच्याकडे वळला. "म्हणजे… हो. म्हणूनच तर फोन केला."

"आणि माहीत असूनही तुम्ही पुढची लेबलं पडद्याशी ताडून पाहिली नाहीत."

तो खाली बसला. मुलगा आईसाठी काहीतरी लिहीत होता. रंगारीण म्हणाली, "साहेब, माझी रजा तपासा. मी त्या दिवशी इथं नव्हते. बहिणीला विचारा."

"हल्ली घरी बसूनही काम करता येतं, बाई," अध्यक्ष हसून म्हणाले. हसणं वाईट नव्हतं. एखाद्या लहान मुलीला समजवावं तसं होतं. "नवराबायकोचं जे काही असेल ते घरी मिटवा. इथं आपण एका पेशंटबद्दल बोलतोय."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो टेबलावरची बाटली फिरवून तिच्यावरचं छापील नाव वाचत होता.

निकाल लागायला फार वेळ लागला नाही. प्रोग्रॅममध्ये त्रुटी होती, ती कंपनीने तत्परतेने दूर केली. पण दोष लक्षात येऊनही ताडून न पाहिल्याची मुख्य जबाबदारी औषधविभागाची. तराजूला काढून टाकलं. मालकांनी रंगारीणीला केबिनमध्ये बोलावून थोडे दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. "तुमच्यावर आमचा राग नाही," असं ते म्हणाले. विश्रांती संपायच्या आत तिने राजीनामा दिला. त्या चार ओळी तिने चौकशीच्या आधीच आपल्या हाताने परत लावल्या होत्या. पुढच्या महिन्यात कंपनीची नवी जाहिरात निघाली: आता लेबलं अधिक सुरक्षित, आमचा प्रोग्रॅम आधी बघतो की अक्षरं पडद्यावर जातायत की प्रिंटरवर. खाली विभागप्रमुख म्हणून नवऱ्याचा हसरा फोटो.

घर तिने चौकशीच्या दिवशीच सोडलं होतं. बॅग भरत होती तेव्हा तो दाराला टेकून उभा होता. "मी दोघांनाही वाचवत होतो. तुला कळलं नाही," तो म्हणाला. तिने कपाटातून स्वेटर काढला, झटकला, बॅगेत घातला. बोलणाऱ्या माणसाशी बोलून काही मिळत नाही हे एव्हाना तिच्या पुरतं लक्षात आलं होतं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. पुढे एकदा त्यांचा फोन आला. "तू खरं बोललीस, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण मी त्याची आई आहे." आणि मग तिने थंडीत पायमोजे घालावेत असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

तराजूला ती एकदा भेटली, बाजारात. त्याला एका गोदामात खोकी मोजायचं काम मिळालं होतं. "तुम्ही बोललात, आभार," तो म्हणाला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "पण खरं सांगू? तुम्ही त्या फोनचा विषय काढला नसता तर बरं झालं असतं. मला माहीत होतं, हे त्यांना तुमच्यामुळे कळलं." ती काही बोलणार तोवर तो भाजीच्या ढिगाकडे वळला.

यानंतर बरेच दिवस गेले. रंगारीण दुसऱ्या एका ठिकाणी लागली. ग्रंथालयांसाठी साधे प्रोग्रॅम, रंगाचं काम नाही. एका दुपारी धीर करून ती शिंपीणबाईंच्या घरी गेली. का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. मुलगा आईजवळ राहायला आला होता. त्याने तिला ओळखलं आणि नाइलाजाने आत घेतलं.

बाई मशीनवर होत्या. रंगारीणीने मोबाईलवर लिहून पुढे धरलं. ती कोण, अट कुणी काढली, औषधवाल्यांनी फोन केला होता, सगळं. बाईंनी सावकाश वाचलं. मग त्या बोलल्या, स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, खूप मोठ्याने.

"ते औषधवाले येऊन गेले. रडले. तुमचे मालक फुलं घेऊन आले होते. तुमचा नवराही आला होता, फार छान बोलला म्हणे, माझ्या मुलाला पटला. आता तुम्ही. जो येतो तो आपलं मन मोकळं करून जातो. मी काय करू त्याचं?"

रंगारीणीने मोबाईल खाली केला.

"हे बघा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीनखालचं कापड ओढून तिच्या हातात दिलं. पांढरं कापड, बाहीचा तुकडा. "धागा तुटला की मशीनचा आवाज बदलतो. चाळीस वर्षं मी मान वर न करता ओळखायचे. आता कळत नाही. सगळी बाही शिवून होते आणि बघते तर ही अशी."

कापडावर कडेने सुईची बारीक भोकं होती, एका रेषेत, एकसारख्या अंतराची. धागा कुठेच नव्हता.

रंगारीणीने कापड परत दिलं. बाईंनी सुईत पुन्हा धागा ओवायला घेतला, आणि मुलाने दार उघडून धरलं.